नंदाचा डावा हात

टीव्हीवर पोहण्याच्या शर्यती बघताना पाण्याच्या कडेला पांढऱ्या कपड्यांत उभी असलेली माणसं तुम्हाला दिसली असतील. शर्यत चालू असते, लोक ओरडत असतात आणि ही माणसं मात्र वाकून भिंतीकडे बघत असतात. माझ्या धाकट्या जावेनं मला एकदा विचारलं होतं, "ती माणसं बुडणाऱ्याला काढायला ठेवलेली असतात का हो?" मी म्हटलं, "नाही गं बाई, आम्ही बुडवणारे." ती पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही. का नाही आलं, तेच सांगायला बसले आहे.

माझी नोकरी माजलगावच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत, खेळाची शिक्षिका म्हणून झाली. कारखान्याचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. कॉलनीत मला सगळे साळवे बाई म्हणत. पण सुट्ट्यांमध्ये मी जे काम करत असे त्याची मला खरी ओढ होती. ते काम पोहण्याच्या शर्यतीत पंच म्हणून उभं राहण्याचं. त्यातही मी वळणाची पंच.

हे वळण म्हणजे काय ते सांगते. पोहणारा भिंतीपाशी येतो, भिंतीला हात लावतो आणि उलटा फिरून परत जातो. आता पोहण्याचा एक प्रकार आहे ब्रेस्टस्ट्रोक. बेडूक जसा पाय फाकवून पाणी मागे ढकलतो, तसं पोहायचं. या प्रकाराचा नियम कडक आहे. दर वेळी भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. एक लागला आणि दुसरा मागे राहिला, की पोहणारा बाद. मग तो पहिला येवो नाहीतर शेवटचा. पंचानं ते बघायचं आणि चूक दिसली तर आपला एक हात डोक्यावर सरळ वर करायचा. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. आणखी एक नियम आहे आणि तो मला फार आवडायचा. पंचाला शंका आली, तर फायदा पोहणाऱ्याला द्यायचा. हात वर करायचा तो खात्री असली तरच.

बीडला एकदा जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. एका मोठ्या पुढाऱ्याचा मुलगा पहिला आला आणि मी हात वर केला. झालं! जीपमधून पाच-सहा पांढरे शर्ट उतरले. त्यातला एक दुसऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "कोन हाय बे ही बाई? कुनाची हाय?" हा 'कुणाची' आमच्या भागात कशासाठी विचारतात ते मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "पालीच्या पाटकऱ्याची मुलगी आहे. पाण्यातलं मला कळतं." मुख्य पंच बिचारे घाबरून चहाच्या टपरीपर्यंत गेले होते. ते परत येऊन नोंद करीपर्यंत मी हात खाली घेतला नाही. शेवटी त्या पांढऱ्या शर्टांपैकीच एक वयस्कर माणूस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "घ्या ना बाई हात खाली, दुखंल." खांदा खरोखर दुखत होता, पण त्याला कशाला सांगू?

माझे वडील बिंदुसरा धरणावर पाटकरी होते. कालव्याचं दार उघडायचं, बंद करायचं, कुणाच्या शेताला कधी पाणी ते बघायचं. मी पोहायला धरणात शिकले. गावातल्या विहिरींत आमच्या घरच्यांनी उतरायचं नाही असं होतं. धरण सरकारचं होतं, त्याला कोण अडवणार? वडील स्वतःच्या धोतराचं एक टोक माझ्या कमरेला बांधायचे, दुसरं स्वतःच्या मनगटाला, आणि म्हणायचे, "मार हात, मी हाय." 'मी हाय' या दोन शब्दांवर मी पोहायला शिकले. पुढे शेकडो पोरांना शिकवताना मीही तेच म्हणत आले.

कारखान्याचे चेअरमनसाहेब हौशी माणूस. कारखाना जोरात असताना त्यांनी कॉलनीत पन्नास मीटरचा पोहण्याचा तलाव बांधला. उसाच्या गावात तलाव कशाला, म्हणून लोक हसले. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, ह्या तलावातून मला एक पोरगी दिल्लीला गेलेली पाहिजे. पोरगा नको, पोरगीच." का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला तर लॉटरीच लागली होती.

ती पोरगी म्हणजे नंदा. तिचे वडील कारखान्याच्या पंपहाऊसवर कामाला आणि घर शेजारच्या खेड्यात. काळी, काटक, हट्टी. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "भीती वाटते का?" ती म्हणाली, "कावून वाटंल? पानीच हाय की!" आणि दिली उडी. नाकातोंडात पाणी गेलं, खोकत वर आली आणि पुन्हा उडी. तेव्हाच मी मनात म्हटलं, ही ती.

आणि नेमका दुष्काळ पडला. एक वर्ष लोकांनी काढलं. दुसऱ्या वर्षी माजलगाव धरणात भिंतीपाशी तेवढं हिरवट डबकं उरलं. ऊस जळाला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं. त्या वर्षीची कारखान्याची सर्वसाधारण सभा मला आजही डोळ्यांसमोर दिसते. मंडपात सभासद दाटीनं बसलेले. एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, "चेअरमनसाहेब, आमच्या गावाला टँकर आठ-आठ दिवस येत न्हाई, अन् हितं पोरं पान्यात उड्या मारत्यात. हे कसं काय ते सांगा." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तलाव त्यांचा जीव की प्राण होता. ते म्हणाले, "बाई, तुमीच सांगा काय करायचं."

मी उभी राहिले आणि म्हटलं, "पाणी काढा. जनावरांना द्या." म्हातारबाबा खरं तेच बोलत होते. दुसऱ्याच दिवशी तलावात पाईप सोडले गेले. आठवडाभरात तळाच्या निळ्या फरशा उघड्या पडल्या आणि त्यावर कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळू लागली.

बाकीच्या मुली आपापल्या घरी बसल्या. नंदा तर शाळेतही दिसेना. म्हणून मी तिच्या गावाला गेले. कुणीतरी सांगितलं, मळ्यातल्या विहिरीवर बघा. जाऊन बघते तर नंदाची आई हौसाबाई काठावर दोर धरून उभी आणि पोरगी खाली विहिरीत. मी धावत काठावर गेले.

त्या विहिरीची गंमत अशी होती की मधलं पाणी शेवाळलेलं, प्यायला नालायक. पण पायऱ्यांच्या समोरच्या भिंतीत, कपारीत, एक बारीक झरा होता. तेवढं पाणी नितळ. तिथवर जायला पायवाट नव्हती, पोहतच जावं लागे. नंदा डाव्या हातात रिकामी घागर धरायची, तिचा गळा मुठीत आवळून छातीशी घ्यायची. पाय बेडकासारखे मारत, उजव्या हातानं पाणी तोडत समोरच्या भिंतीला जायची, उजव्या हातानं दगड पकडायची आणि डाव्या हातातली घागर झऱ्याखाली धरायची. भरली की वरून हौसाबाई दोर सोडायची, घागर वर घ्यायची आणि दुसरी रिकामी खाली टाकायची. असं घरासाठी, शेजारच्यांसाठी, रोज. गावातल्या दुसऱ्या कुणाला इतकं पोहता येत नव्हतं. तलावात मी शिकवलेलं पोहणं सगळ्या आळीला पाणी पाजत होतं. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग मी रोज संध्याकाळी विहिरीवर जायला लागले. घागरी संपल्या की तिला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहायला लावायचे. हौसाबाई वरून ओरडायची, "बास करा वो बाई, लेकरू दमलं!" लेकरू कुठलं दमतंय? दुष्काळ संपला तेव्हा तिच्या पायांत असं बळ आलं होतं की बघणारे तोंडात बोट घालायचे.

तलाव पुन्हा भरला आणि विभागाच्या पहिल्याच स्पर्धेत नंदा सगळ्यांच्या पुढे आली आणि बाद झाली. मी त्या दिवशी पंच नव्हते, प्रेक्षकांत होते. दमली की वळताना तिचा उजवा हात भिंतीला लागायचा आणि डावा छातीशी राहायचा, मूठ आवळून. तिला स्वतःला ते कळतसुद्धा नसे. तिला म्हटलं की ती भांडायला उठायची, "लावला होता की बाई दोनीबी!"

मी एक युक्ती काढली. घरून लाटणं आणलं. दोन्ही हातांत लाटणं धरून पोहायचं आणि लाटणं भिंतीला आडवं टेकवायचं. कॉलनीभर हसू झालं. बायका विचारायच्या, "बाई, आज कितीक पोळ्या झाल्या?" हसेनात का! लाटण्यानं हात सुधारला. नंदा राज्यात गेली, राज्यातून देशाच्या शिबिरात गेली. तिथं तिला दुसरे प्रशिक्षक मिळाले, मोठे, नावाजलेले. ती निघताना मी त्यांना फोन करून एवढंच सांगितलं, "साहेब, दमल्यावर हिच्या डाव्या हाताकडे बघा." ते हसून म्हणाले, "बाई, आता काळजी सोडा."

आणि मग दिल्लीला त्या मोठ्या स्पर्धा आल्या. किती देशांचे खेळाडू, किती झेंडे. नंदाची दोनशे मीटरसाठी निवड झाली आणि वळणाची पंच म्हणून माझीही झाली. चेअरमनसाहेब तोवर थकले होते. त्यांनी निरोप धाडला की सभागृहात मोठा टीव्ही लावतो, सगळा कारखाना बघणार. हौसाबाईनं लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलला. पदकाची आशा कुणालाच नव्हती. पण सकाळच्या फेरीतून पहिल्या आठांत आली तर संध्याकाळी अंतिम शर्यतीत उभी राहणार होती. आमच्या भागातलं कुणी तिथवर पोचल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

कुठल्या पंचानं कुठल्या रांगेवर, म्हणजे पोहण्याच्या पट्ट्यावर, उभं राहायचं ते सकाळी चिठ्ठ्या काढून ठरतं. मला तिसरी रांग आली, शर्यत जिथून सुटते त्याच्या समोरच्या टोकाला. मग कुठला खेळाडू कुठल्या रांगेत त्याची यादी लागली. नंदा कुठल्या रांगेत? तिसऱ्या. मी तडक मुख्य पंचांकडे गेले. परदेशी गृहस्थ होते, उंच, पांढऱ्या केसांचे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की ही माझी विद्यार्थिनी आहे, मला बदला. त्यांनी विचारलं, नात्यातली आहे का? नाही. आज तिला तुम्ही शिकवता का? नाही. "मग चिठ्ठीत निघालं ते निघालं," ते म्हणाले, "तुम्हाला नीट दिसतं ना?" मी म्हटलं, दिसतं. काय बोलले मी! त्या क्षणी नाही म्हणाले असते तर हे लिहायची वेळच आली नसती.

शर्यत सुरू झाली. पन्नास मीटरला नंदा माझ्या भिंतीला आली. दोन्ही हात एकदम लागले, आवाज झाला, लाटण्यासारखे आडवे. फिरली आणि गेली. माझा जीव भांड्यात पडला. आता शंभरचं वळण पलीकडच्या टोकाला, ते माझं नव्हतं. मग दीडशे मीटरला पुन्हा माझ्याकडे.

ती परत यायला लागली तेव्हाच मला दिसलं की पोरगी आपल्या कुवतीबाहेर पोहतेय. शेजारच्या रांगेतल्या उंच परदेशी मुलीच्या खांद्याला खांदा लावून येत होती. लोक उभे राहून ओरडत होते. मी मनात म्हणत होते, हळू गं, हळू, एवढी दमू नको. तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. मी वाकले. डोकं वर आलं, तोंड उघडं, श्वास ओढलेला, आणि मला तो खांदा दिसला. डावा खांदा. तो वर उचललाच नव्हता. उजवा हात भिंतीवर थाडकन लागला, पाणी उसळलं, फेसात डाव्या हाताचं कोपर दिसलं, दुमडलेलं, छातीशी. आणि ती फिरून गेली.

माझा हात वर होता.

कधी केला, कसा केला, विचाराल तर सांगता येणार नाही. पोरगी पुढचे पन्नास मीटर जीव तोडून पोहत होती आणि मी तिच्या पाठीमागे हात वर करून उभी होते. तिला ठाऊक नव्हतं. ती त्या परदेशी मुलीच्याही आधी पोचली. फलकावर नाव लागलं, पहिल्या आठांत होतं. तिनं पाण्यावर हात आपटले, हसली. मग मुख्य पंच माझ्याकडे आले.

"डावा हात तुम्हाला दिसला?" त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत दया होती, ती मला नको होती. "शंका असेल तर सांगा. नियम तुम्हाला माहीत आहे."

शंका! माझा आवडता नियम. त्यांनी तो अगदी तळहातावर ठेवून पुढे केला होता. नुसतं 'फेस होता' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "शंका नाही. डावा हात लागला नाही."

फलकावरून नाव गेलं. नंदानं आधी फलकाकडे बघितलं, मग सरळ माझ्याकडे. अख्ख्या पाण्याच्या लांबीवरून. मी नजर काढली नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. स्पर्धा संपेपर्यंत नाही आणि गावी आल्यावरही नाही.

कॉलनीत काय झालं ते काय सांगायचं. दुकानात गेले की बोलणं थांबायचं. एकदा पाठीमागून ऐकलं, "आपल्याच पोरीवर हात उचलला हिनं. दुसऱ्या कुनाला दिसलंबी नसतं." या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडवली, कारण ते खरं होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. हात मला तरी कुठे दिसला होता? खांदा दिसला, कोपर दिसलं. बाकीचं मला ठाऊक होतं. पंचानं बघून सांगायचं असतं, ओळखीवर नाही. लागलाच असेल तर हात फेसाखाली? माझ्या ओळखीनंच पोरीचा घात केला असेल तर? हे विचारायचं कुणाला? जिला विचारायचं ती तोंड फिरवून जात होती.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत चेअरमनसाहेबांनी नंदाचा सत्कार ठेवला. बाद झालेल्या मुलीचा कसला सत्कार, असं म्हणणारे होते. साहेब म्हणाले, "दिल्लीला गेली ना? मग झालं." मी मागच्या खुर्चीवर बसले होते. तोच मंडप, तीच माणसं. शाल दिली, नारळ दिला आणि कुणीतरी ओरडलं, "पोरीला बोलू द्या! काय झालतं ते तिच्या तोंडून ऐकू द्या!" माना वळल्या. सगळा मंडप मागं माझ्याकडे बघायला लागला. उठून जावं असं वाटलं, पण बसून राहिले.

नंदानं माईक धरला. तिला भाषणाची सवय नाही.

"लोक मला इचारत्यात, बाईंनी असं कावून केलं," ती म्हणाली. "मी घरी आल्यापासून रोज रातच्याला तेच आठवायलेय. मी बाईंना बोलले न्हाई. मला लई राग होता. मला वाटायचं, लावला होता दोनी हात. परवा मळ्यातल्या विहिरीवर गेलते. आता ती तुडुंब हाय. सहज उडी मारली, समोरच्या भितीला गेले अन् बघते तर…" तिनं शालीतून डावा हात बाहेर काढला आणि वर धरला. मूठ आवळलेली होती. "दिल्लीत बी असाच होता. दम लागला, भीत दिसली अन् वाटलं, सोडली तर घागर बुडंल."

पुढच्या रांगेत ते म्हातारे शेतकरी बसले होते, त्या वर्षी पाणी मागणारे. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. हौसाबाई पदर तोंडाला लावून रडत होती. आणि मी, एवढी मोठी पंच, लहान पोरासारखी हुंदके देत होते. पाणी काढा म्हणणारी मी, विहिरीत तिचे पाय बघून खूश होणारी मी, आणि हात वर करणारी पण मीच. यातलं एकही मला चुकीचं म्हणता येत नाही, आणि पोरीची शर्यत तर गेली ती गेलीच.

सभा सुटल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मीच म्हटलं, "उद्या सकाळी तलावावर ये. लाटणं आणते."

"लाटणं नको," नंदा म्हणाली, "घागर आना. ती सोडायला शिकवा."